नवं ग्लो इंजिन बसवताना: कोकणच्या हवेत काय सांभाळायचं

ग्लो इंजिन, म्हणजे मॉडेल विमानाचं तापत्या तारेच्या प्लगवर चालणारं छोटं इंजिन, अडलं की हात आधी नीडलकडे, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूकडे जातो. तो सगळ्यात शेवटी जायला हवा. किनाऱ्यावर तर नक्कीच, कारण इथल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इंधनात शिरलेलं पाणी, थकलेला प्लग किंवा कुठल्यातरी फटीतून ओढली जाणारी हवा यांत असतं. यांतल्या एकावरही नीडल फिरवून इलाज होत नाही. उलट मुळात बरोबर असलेली सेटिंग हातची जाते आणि मग एका दोषाचे दोन होतात.

खालची सगळी माहिती १५ ते ४६ आकाराच्या टू-स्ट्रोक ग्लो इंजिनांसाठी आहे. हे आकडे घनइंचाच्या शंभराव्या भागात असतात: १५ म्हणजे साधारण २.५ सीसी, ४० म्हणजे ६.५ आणि ४६ म्हणजे ७.५ सीसी. पेट्रोल इंजिन आणि फोर-स्ट्रोक यांचं गणित वेगळं, ते इथे नाही.

## १. इंजिन कुठल्या जातीचं आहे ते आधी ओळखा

रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन टप्प्याटप्प्याने रुळवणं, कसं करायचं हे यावरच ठरतं, आणि नवखे लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

एबीसी किंवा एबीएन इंजिनात पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह (पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती) पितळेची आणि तिच्या आत क्रोम किंवा निकेलचा मुलामा असतो. रिंग नसते. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती घासलेली असते, त्यामुळे थंड इंजिन हाताने फिरवलं की पिस्टन वर पोचताना अडकतो, कधी बारीक चूं आवाजही येतो. हा दोष नव्हे. इंजिन चालू झालं की स्लीव्हचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त तापतो, जास्त फुगतो आणि नळी सरळ होते. म्हणून हे इंजिन तापलेलंच चालायला हवं. थंड, भिजलेलं तासभर चालवलं तर पिस्टन त्या निमुळत्या भागात घासत राहतो, आणि ज्या घट्टपणावर पुढची सगळी ताकद अवलंबून असते तोच झिजून जातो.

रिंगवाल्या इंजिनात पिस्टनवर लोखंडी रिंग असते. फिरवताना कॉम्प्रेशन लागतं पण वर काही अडकत नाही. याला उलटी वागणूक: सुरुवातीला भरपूर इंधन, कमी उष्णता आणि सबुरी.

खोक्यातलं माहितीपत्रक फेकू नका. जात, प्लग, प्रॉपचा (प्रोपेलरचा) आकार आणि नीडलचे सुरुवातीचे फेरे त्यातच असतात. जुनं इंजिन पत्रकाशिवाय हाती आलं असेल तर प्लग काढून, प्रॉप सावकाश फिरवत, एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्चने बघा. पिस्टनच्या कडेला रिंगची खाच दिसली की प्रश्न मिटला.

## २. सामान

- प्लगचा चौमुखी पान्हा, २.५ आणि ३ मिमीच्या ॲलन की
- दोन जादा प्लग. एक नव्हे, दोन
- ग्लो इग्नायटर आणि त्याचा चार्ज केलेला सेल. प्लगला १.२ ते १.५ व्होल्ट लागतात. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी थेट लावली तर प्लगची तार डोळ्यांदेखत जाते
- सुरू करताना प्रॉपला झटका मारायला रबर चढवलेली काठी. बोटाने झटका मारण्यात कसलंही शौर्य नाही
- प्रॉप (इंचांत, व्यास × एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर): १५ला ८×४, २५ला ९×५, ४०ला १०×६, ४६ला ११×६. पत्रकात वेगळं दिलं असेल तर पत्रक खरं
- सिलिकॉनची इंधन नळी, गाळणी, टाकीत भरायला सिरिंज किंवा हातपंप
- टॅकोमीटर (आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे मोजायचं यंत्र) असला तर उत्तम, नसला तरी कान पुरतात
- बादलीभर पाणी आणि ओलं गोणपाट
- वही: दिवस, वेळ, टाकी, नीडलचे फेरे

## ३. इंधन: घोटाळे इथूनच सुरू होतात

इंधन म्हणजे मिथेनॉल, तेल आणि जमल्यास थोडं नायट्रोमिथेन. आपल्याकडे नायट्रो मिळवणं जिकिरीचं आहे, पण त्यावाचून या आकाराची इंजिनं अडत नाहीत. आयडल, म्हणजे इंजिनाचा सर्वांत कमी वेग, जरा कमी स्थिर राहतो, इतकंच. साधं मिश्रण आकारमानाने ८०:२०. एक लिटरसाठी ८०० मिली मिथेनॉल आणि २०० मिली एरंडेल. ५ टक्के नायट्रो हाती असेल तर ७५०, २०० आणि ५०. रनिंग-इन संपेपर्यंत तेल २० टक्क्यांखाली आणू नका. तयार इंधन घेत असाल तर त्यातल्या तेलात थोडा तरी वाटा एरंडेलाचा आहे ना ते बघा. इंजिन चुकून लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) होऊन तापलं तर सिंथेटिक तेल जिथे हात टेकतं तिथे एरंडेल तग धरतं.

एरंडेल शुद्ध हवं. केसांसाठी मिळतं त्यात बरेचदा वास किंवा दुसरं तेल मिसळलेलं असतं, ते नको. तेल आधी बारीक फडक्यातून गाळा, मिथेनॉलमध्ये ओता, बाटली चांगली हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी काही बसलं तर वरचं तेवढं अलगद काढून घ्या.

मिथेनॉल विष आहे. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे आणि जीव दोन्ही जाऊ शकतात, आणि ते कातडीतूनही शरीरात जातं. परवानाधारक रसायन विक्रेत्याकडून बिलासह घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, कशासाठी हवं ते विचारलं तर सरळ सांगा. पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत ते कधीही भरायचं नाही. डब्यावर ठळक मराठीत ‘विष’ लिहा आणि तो कुलपात ठेवा. कुणाच्या पोटात गेलंच तर त्रास व्हायची वाट न बघता तडक रुग्णालय गाठा आणि मिथेनॉल आहे हे डॉक्टरांना सांगा. एसटीतून किंवा रेल्वेने हा डबा न्यायचा नाही.

आता कोकणाची खास अडचण. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरड्या गावात महिनाभर चालणारा अर्धा डबा इथे दमट दिवसांत लवकर बिघडतो. म्हणून पाच लिटरचा एक डबा ठेवण्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरून ठेवा. आत हवा कमी, तर पाणीही कमी. मैदानावर सिरिंज भरून झाली की झाकण लगेच लावा. मिश्रण गढूळ दिसलं तर ते बाद समजा. मात्र स्वच्छ दिसतंय म्हणजे चांगलंच आहे असं नाही. संशय आला की ताज्या बाटलीवर इंजिन चालवून बघणं हीच खरी परीक्षा.

किती लागेल? ४६चं इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साधारण ३० मिली पितं. एबीसीच्या रनिंग-इनला लिटरभर, रिंगवाल्याला दोन लिटर धरून चला.

## ४. जागा आणि बाक

पुळणीवर इंजिन चालवू नका. मोकळी जागा, पाठीमागे समुद्र, सगळं छान दिसतं. पण प्रॉप वाळू उडवतो आणि कार्ब्युरेटर ती आत ओढतो. पिस्टन आणि स्लीव्ह यांच्यामध्ये गेलेला वाळूचा कण एका टाकीत इंजिनाचं आयुष्य संपवतो. सड्यावरचा उघडा कातळ सगळ्यात चांगला. जांभ्याची लाल धूळ तिथेही असतेच, तेव्हा बाकाखालची जागा आधी पाण्याने भिजवून घ्या. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत वाळतं आणि मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. बाकाभोवती दोन-तीन मीटर गवत काढलेलं हवं. आग लागलीच तर पाणी चालतं, कारण मिथेनॉल पाण्यात मिसळतं.

बाक म्हणजे १२ मिमीच्या जाड प्लायला इंजिनाच्या आकाराची खाच आणि ते प्लाय घट्ट बसवलेलं वजनदार टेबल. ४६चा प्रॉप अडीच-तीन किलोने ओढतो, थरथर वेगळीच. टेबलाच्या खालच्या पट्ट्यांवर चार चिरे ठेवले की ते हलत नाही. इंजिन चार बोल्टने आवळा. लाकडात पिळायचे स्क्रू थरथरून सैल होतात.

टाकीची उंची मोजूनच ठेवा. टाकीची मध्यरेषा नीडलच्या पातळीत किंवा त्याखाली एक सेंटिमीटरपर्यंत. वर राहिली तर थांबलेल्या इंजिनात इंधन झिरपून ते भरतं. फार खाली राहिली तर टाकी अर्धी झाल्यावर इंजिन लीन होतं. टाकीखाली स्पंज हवा, नाहीतर थरथरीने इंधनाचा फेस होतो आणि नळीत बुडबुडे येतात. मफलरची प्रेशर नळी जोडायला विसरू नका.

प्रॉपच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, प्रेक्षक सगळे मागे. सैल कपडे, गळ्यातली दोरी आणि चपला घरी ठेवा. वाडीजवळ असाल तर सकाळी आठच्या आधी सुरू करू नका. पुन्हा त्याच जागी यायचं आहे.

## ५. पहिला स्टार्ट

१. प्लग काढा, इग्नायटरला लावा. दोन-तीन सेकंदांत तारेचे सगळे वेढे केशरी दिसले पाहिजेत. एखादा वेढा काळा राहिला तर प्लग बाद. तांब्याचा वॉशर न विसरता परत बसवा.

२. नीडल अलगद पूर्ण बंद करा, मग पत्रकाप्रमाणे उघडा. पत्रक नसेल तर तीन फेरे.

३. इग्नायटर न लावता, थ्रॉटल पूर्ण उघडून, कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट ठेवून प्रॉप फिरवा. नळीतून इंधन कार्ब्युरेटरपर्यंत आलं की आणखी दोन फेरे. बस.

४. थ्रॉटल पाव उघडा. प्रॉप हाताने सावकाश एक फेरा फिरवून बघा. मध्येच दगडासारखा अडला तर आत इंधन साचलंय. अशा वेळी इलेक्ट्रिक स्टार्टर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, इंजिन उलटं करा, इंधन ओघळून जाऊ द्या.

५. इग्नायटर लावा, समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने काठीने झटका मारा. एबीसी इंजिन थंडीत फारच आवळलेलं वाटलं तर हेअर ड्रायरने डोकं कोमट करून घ्या. जबरदस्तीचे पन्नास झटके मारण्यापेक्षा ते बरं.

इंजिन चालू झाल्यावर अर्धं मिनिट जाऊ द्या, मग प्रॉपच्या मागून हात नेऊन इग्नायटर काढा. कधीकधी सुरुवातीला जास्त इंधन ओढलेलं इंजिन उलटं फिरू लागतं, वारा पुढे जातो. नळी दाबून बंद करा आणि पुन्हा सुरू करा.

## ६. रनिंग-इन

आधी दोन आवाज ओळखायला शिका. खूप रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) असताना इंजिन भडभड करतं, धूर दाट पांढरा, मफलरमधून तेल टपकतं. ही फोर-स्ट्रोकिंगची अवस्था; इंजिन टू-स्ट्रोकच, हे नाव फक्त या अवस्थेचं. नीडल हळूहळू बंद करत गेलं की एका जागी आवाज एकदम बदलतो, भडभड जाऊन सलग तीक्ष्ण सूर लागतो. ही टू-स्ट्रोकिंग. नीडलची सगळी कला या सीमेभोवती फिरते.

एबीसी आणि एबीएन: सुरू झाल्यावर फार वेळ भडभडत ठेवू नका. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि नीडल सीमेच्या जरा पलीकडे आणा, म्हणजे सूर टू-स्ट्रोकचा पण ओला, धूर भरपूर. असं दीड-दोन मिनिटं. मध्ये एक-दोनदा नळी दोन सेकंद चिमटीत धरून सोडा, इंजिन क्षणभर तापतं आणि पुन्हा निवतं. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. पूर्ण म्हणजे डोक्यावर हात ठेवला तर गार लागेल इतकं. आपल्या हवेत पंधरा मिनिटं तरी जातात. असे सहा ते आठ फेरे करा, पुढचे तीन-चार मिनिटांपर्यंत वाढवत न्या. तापणं आणि निवणं यातूनच धातू बसतो, सलग चालवून नव्हे. एकूण वीस-तीस मिनिटं भरली की विमानावर चढवा आणि पहिली काही उड्डाणं रिच ठेवून करा.

थांबवल्यावर गरम असतानाच प्रॉप फिरवून पिस्टन खाली नेऊन ठेवा. वर राहिला तर निवताना स्लीव्ह त्याला आवळून धरते.

रिंगवालं: पहिली पूर्ण टाकी फोर-स्ट्रोकिंगमध्येच. दुसऱ्या टाकीपासून पंधरा सेकंद भडभड, दहा सेकंद टू-स्ट्रोक, आलटून पालटून. पुढे टू-स्ट्रोकचा वेळ वाढवा. पाऊण ते एक तास लागतो. नीडल नेहमीच्या सेटिंगवर आणून मिनिटभर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आवाज खाली बसला नाही तर रिंग बसली.

पहिल्या टाकीला मफलरमधून करडं तेल येणं चालतं. तिसऱ्या-चौथ्या टाकीलाही काळपट-करडं येत असेल तर थांबा. इंजिन लीन चाललंय किंवा आत काहीतरी घासतंय.

## ७. नीडल कधी आणि किती

रनिंग-इन झाल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडा, नीडल बंद करत सर्वांत जास्त आरपीएमची जागा शोधा आणि तिथून ३०० ते ५०० आरपीएम खाली येईपर्यंत पुन्हा उघडा. हवेत प्रॉपवरचा भार कमी होतो, इंजिन आपोआप थोडं लीन होतं; ही जागा त्यासाठी राखलेली. टॅकोमीटर नसेल तर नळी क्षणभर चिमटा: आवाज जरा चढून मग पडला तर ठीक, चढण्याआधीच पडला तर लीन आहे, दोन-तीन क्लिक उघडा.

आयडलचा स्क्रू त्यानंतर. इथे एक सापळा आहे. दोन नीडलच्या कार्ब्युरेटरमध्ये स्क्रू आत म्हणजे लीन. बाजूला हवेचं छोटं छिद्र असलेल्या जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये स्क्रू आत म्हणजे हवा कमी, म्हणजे रिच. अगदी उलट. आपला कुठला ते बघितल्याशिवाय हात लावू नका.

हवेचा हिशोब असा: हवा जितकी घन, तितकं इंधन जास्त लागतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे ५ टक्के विरळ. पुण्यात नीट लावलेलं इंजिन घाट उतरून रत्नागिरीला आलं की लीन होतं. खाली आल्यावर पहिलं काम, नीडल थोडी उघडणं. तसंच दिवसाचं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई वारे थंड आणि कोरडे, दुपारी खारे वारे गरम आणि दमट. सकाळी लावलेली सेटिंग दुपारी थोडी रिच होते, त्यात धोका नाही. दुपारी लावलेली सेटिंग दुसऱ्या सकाळी तशीच वापरली तर इंजिन जळू शकतं.

## ८. अडलं तर: याच क्रमाने बघा

प्लग, मग इंधन, मग नळ्या आणि टाकी, मग सील, आणि उरलंच काही तर नीडल.

आवाजच नाही. इग्नायटरचा सेल उतरलाय किंवा प्लग गेलाय. दोन्ही ठीक असतील तर कार्ब्युरेटरपर्यंत इंधन पोचतंय का बघा.

इग्नायटर काढला की बंद. नवा प्लग लावा, ताजी बाटली उघडा. या दोन गोष्टींनी सुटलं नाही तरच आयडल रिच आहे असं समजा.

थ्रॉटल दिला की मरतं. कसं मरतं ते ऐका. खोकत, धूर सोडत, सावकाश मेलं तर आयडल रिच. दिवा मालवावा तसं एकदम गेलं तर लीन.

सुरुवात छान, अर्ध्या टाकीत लीन. हा खरा डोकेदुखीचा प्रकार, आणि इथेच लोक नीडल फिरवून फिरवून थकतात. कारण जवळजवळ नेहमीच हवा. नळीत बुडबुडे दिसतात का बघा. दिसले तर टाकीतली वजन लावलेली नळी काढा. तिला वाकवलं की बारीक चीर उघडते, सरळ असताना दिसत नाही. ती टाकीच्या मागच्या भिंतीला टेकतही नसावी. बुडबुडे नसतील तर हवा इंजिनाजवळून येते: कार्ब्युरेटरच्या बुडाचा रबरी सील, नीडलचा ओ-रिंग, मागच्या झाकणाचे सैल स्क्रू. चालू इंजिनाच्या संशयित सांध्यावर सिरिंजने तेलाचा थेंब सोडा. आवाज बदलला तर चोर सापडला. नळी, गाळणी, सील सगळं मिळून एका प्रॉपपेक्षा स्वस्त, बदलताना हात आखडू नका.

पूर्ण थ्रॉटलला वीस सेकंदांनी आवाज बसतो. तापतंय. दोन-तीन क्लिक उघडा. तरीही तेच असेल तर प्रॉप जड आहे किंवा तेल कमी पडतंय.

फिरवताना करकर. प्लग काढून सावकाश फिरवा. हाताला खडबड लागली तर मागच्या बेअरिंगला गंज. धुऊन तेल घालून तो परत येत नाही, बदला.

## ९. दिवस संपल्यावर, आणि पावसाळ्याआधी

मिथेनॉल जळताना आत पाणी आणि थोडं आम्लही तयार होतं. त्यात खारी हवा. इंजिन तसंच ठेवलं तर बेअरिंग किती टिकेल सांगता येत नाही. शेवटच्या वेळी नळी काढून इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवा, आयडलवर एकदा पुन्हा इग्नायटर लावून उरलंसुरलं जाळा. मग प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून शिवणयंत्राचं तेल किंवा गॅरेजमध्ये मिळणारं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) पाच-सहा थेंब सोडा, प्रॉप दहा-बारा फेरे फिरवा.

घरात आहे म्हणून खोबरेल घालू नका. ते २४ अंशांखाली गोठायला लागतं आणि गंज रोखत नाही. एरंडेलही ठेवणीसाठी वाईट. वाळून चिकट होतं आणि पिस्टन धरून ठेवतं.

जूनमध्ये इंजिन विमानावरून उतरवा, तेल घालून फडक्यात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. तीन-चार आठवड्यांनी एकदा उघडून फिरवा, गरज वाटली तर तेल द्या, पुड्या गरम करून वाळवा. टाकी रिकामी, नळ्या मोकळ्या. उरलेलं इंधन पुढच्या मोसमासाठी ठेवू नका.

ऑक्टोबरात पिस्टन अडकलेला निघाला तर प्रॉपला जोर देऊ नका. ड्रायरने गरम करा, प्लगच्या भोकातून थोडं मिथेनॉल सोडा, तासभर ठेवा, मग हलकेच हलवून बघा. बाहेरचा तपकिरी थर काढायचा असेल तर भाग सुटे करून, रबरी सील काढून, गाडीच्या रेडिएटर कूलंटमध्ये मंद आचेवर काही तास ठेवा. हे बाहेर अंगणात आणि भंगारातल्या पातेल्यात, कारण कूलंटही विषारी असतं. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.